डाव्या वल्ह्याचा कंट्रोलर

मित्रांनो, मी एक जुना कंट्रोलर आहे. जुना म्हणजे वायरवाला, आणि त्यातही दुसरा. व्हिडिओ गेमच्या मशीनला दोन कंट्रोलर असायचे, पहिला घरातल्या मानाच्या माणसाचा आणि दुसरा उरलेल्याचा. मी उरलेल्याचा. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे माझ्याकडून गोड गोड बोलण्याची अपेक्षा कुणी ठेवणार नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. आठवतं ते ऑकलंडच्या शनिवारच्या बाजारातलं एक हलणारं टेबल. त्यावर कुणीतरी खेळून कंटाळलेलं मशीन, आम्ही दोन कंट्रोलर आणि एकच गेम. केलेपी आणि सेईनीच्या काकांनी आम्हाला तिथून उचललं आणि टोंगा बेटांवर जाणाऱ्या निळ्या पिंपात घातलं. आमच्या डोक्यावर कॉर्न्ड बीफचे डबे, ब्लँकेटं आणि चर्चला घालायचे चार जोड बूट. तिथल्या नुकुअलोफा बंदराच्या धक्क्यावर ते पिंप तीन आठवडे उन्हात पडलं होतं. कोलोंगा गावात घरी पोचलो तेव्हा माझ्या बटणांना बूटपॉलिशचा वास येत होता.

पिंप उघडल्यावर मुलांच्या आईने मला वायरीला धरून वर उचललं. "हे काय पाठवलंय भावजींनी? खायचं की पेरायचं?"

घरात दोन मुलं होती. सेईनी अकरा वर्षांची आणि केलेपी दहाचा. पहिला कंट्रोलर सेईनीकडे गेला. आमच्याकडे बहिणीचा मान भावापेक्षा मोठा. ताटातला चांगला तुकडा तिचा, तसा पहिला कंट्रोलरही तिचा. केलेपीने कुरकुर केली नाही. मला पोटाशी धरून तो म्हणाला, "माझा हाच." माझं कौतुक म्हणाल तर एवढंच झालं. बाकी उभ्या आयुष्यात मला कुणी चांगलं म्हटलेलं नाही.

गेमचं नाव होतं 'दोन वल्ही'. एक होडी आणि तिच्यात दोघं. उजवं वल्हं पहिल्या कंट्रोलरवर, डावं माझ्यावर. दोघांनी एकदम मारलं तर होडी सरळ जाणार, एकजण जरा चुकला की ती जागच्या जागी गरगर फिरणार. पहिला महिनाभर ती फिरतच होती.

"आता! आता! अरे, आता म्हटलं ना!"

"ताई, तू आधी मारतेस आणि मग आता म्हणतेस!"

"तू डुलक्या काढतोस आणि माझ्या नावाने ओरडतोस?"

आणि मग दोघं पोट धरून हसायची. केलेपी हसला की त्याचे हात सैल पडायचे, मी चटईवर आपटायचो आणि होडी खडकावर. माझ्या डाव्या कोपऱ्याचा टवका उडालाय, तो त्या हसण्यामुळे. मला त्याचं वाईट वाटत नाही.

होडीतली ती दोघं म्हणजे एक बाई आणि एक पुरुष. दोघांच्या तोंडावर मुखवटे. ती एकमेकांना पाठ लावून बसलेली असायची. अख्ख्या गेममध्ये ती एकमेकांकडे एकदाही बघत नाहीत, एकमेकांशी एक शब्द बोलत नाहीत. ती एकमेकांची कोण, हे बनवणाऱ्यांनी कुठंच सांगितलेलं नव्हतं. केलेपीला ते पहिल्याच दिवशी कळलं.

"बहीण-भाऊ आहेत. कसे बसलेत ते दिसत नाही का?"

"मग? आणखी कोण असणार?" सेईनी म्हणाली. विषय तिथंच संपला.

दोन वर्षांत त्यांनी चौदा बेटं पार केली. पंधराव्याच्या अलीकडे एक भयंकर अरुंद खाडी होती. तिथं ती अडकली होती, तेव्हा वीका आत्या आली. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. तिच्या शब्दापुढे वडीलसुद्धा मान वर करत नसत. विणलेल्या चटईची गुंडाळी खांद्यावर घेऊन ती दारात उभी राहिली. आत एकाच चटईवर पालथी पडून दोघं टीव्हीपुढे खिदळत होती. सेईनीला तेरावं लागलं होतं.

"केलेपी," आत्या म्हणाली, "तू अजून लहान आहेस का रे?"

त्याला लगेच कळलं. आमच्याकडे बहीण-भाऊ मोठे झाले की एका खोलीत बसून टीव्ही बघत नाहीत. एकमेकांसमोर थट्टामस्करी करत नाहीत, बोलायचं तेही शक्यतो तिसऱ्याकरवी. एकाच्या कानावर वावगं पडेल अशा जागी दुसरा थांबत नाही. तो त्यांचा एकमेकांचा मान. केलेपीने आपली उशी उचलली आणि परसातल्या खोपटात, चुलतभावांकडे राहायला गेला. कुणी कुणावर रागावलं नाही. रीत आहे ती, आणि तिला नावं ठेवायला मी इथं बसलेलो नाही.

पण खाडी राहिली होती ना! चार दिवसांनी केलेपीने युक्ती काढली. तो घराबाहेर, खिडकीखाली बसला आणि काचेच्या पट्ट्यांमधून त्याने मला बाहेर ओढून घेतलं. सेईनी आत, तो बाहेर, मधे भिंत. फटीतून त्याला अर्धाच टीव्ही दिसायचा. पाच-सहा दिवस ते चाललं. त्याच दिवसांत डुकराच्या पिल्लाने माझी वायर चावली. केलेपीने काळी चिकटपट्टी गुंडाळून मला जिवंत केलं. पण आत्याच्या कानावर आवाज गेलाच.

"भिंत मधे आली म्हणून हसणं थांबलं का?" ती म्हणाली.

तेवढंच. दुसऱ्या दिवसापासून मी कपाटात.

पुढची वर्षं मी थोडक्यात सांगतो, कारण त्यांत सांगण्यासारखं काही नाही. माझा जोडीदार, तो पहिला कंट्रोलर, शेजारच्या पोरांना खेळायला दिला आणि तो परत आलाच नाही. मशीन गंजलं. केलेपी एकोणीस वर्षांचा होऊन ऑकलंडला गेला आणि तिथल्या शीतगोदामात माल उचलायची गाडी चालवायला लागला. सेईनी शाळेत बाई झाली. तिचं लग्न गावातल्याच मोसेसेशी झालं, तेव्हा चटया आणि झाडाची साल कुटून केलेली 'तापा' कापडं यांच्या गठ्ठ्यात तिने मलाही घालून नेलं. नव्या घरात मी काचेच्या कपाटात आलो. शेजारी चर्चच्या गायनाची ढाल आणि लग्नाचा फोटो. आलेल्या बायका विचारायच्या, "हे गं काय?" सेईनी सांगायची, "भावाचं आहे." दर शनिवारी ती माझ्यावरून फडकं फिरवायची. ज्या वर्षी समुद्रातला डोंगर फुटला आणि गावभर राख पडली, त्या वर्षी तिने माझ्या बटणांमधली राख काडीने काढली होती.

मित्रांनो, तुम्ही म्हणाल, मग रडतोस कशाला? सांगतो.

केलेपीचा फोन दर रविवारी चर्चनंतर यायचा, पण मोसेसेला. मोसेसे फोन मोठ्या आवाजावर ठेवायचा.

"दाजी, ताई बरी आहे ना?"

"बरी आहे."

"तिचा गुडघा?"

मोसेसे सेईनीकडे बघायचा. सेईनी हातभर अंतरावर बसलेली असायची. ती म्हणायची, "बरा आहे म्हणावं. आणि वेळेवर जेवत जा म्हणावं."

"वेळेवर जेवत जा म्हणतेय."

"जेवतो म्हणावं."

झालं. मी कपाटात गेल्याला सतरा वर्षं झाली होती, आणि त्यांचं बोलणं हे एवढं. आदर भरपूर. हसणं तेवढं दोघांनी माझ्याबरोबर कपाटात ठेवलं होतं, आणि दोघांनाही ते हवं होतं. हे मला ठाऊक आहे, कारण एकटी असली की सेईनी कधी कधी मला हातात घ्यायची, डावं बटण दोनदा दाबायची आणि परत ठेवायची.

एके दिवशी मोसेसे फोन बघता बघता म्हणाला, "अगं, तुमच्या त्या होडीचा दुसरा भाग येतोय म्हणे."

"कुठली होडी?" सेईनी म्हणाली. पण अळूची पानं निवडणारे तिचे हात थांबले होते.

त्या आठवड्यात केलेपीचे तीन फोन आले, तेही रविवार सोडून. मला वाटलं याला ताप भरलाय. "दाजी, हल्लीच्या गेममध्ये दुसरा माणूस नसतोच हो. आपण एकटे खेळायचं, दुसरं वल्हं मशीन मारतं. यांनी तसं केलं तर?" दुसऱ्या दिवशी, "दाजी, गाणं तेच ठेवणार म्हणतात." तिसऱ्या दिवशी, "दाजी, म्हणे दोघं दोन घरांतून खेळू शकतील असं करता येतं. इंटरनेटवरून. मी इकडे आणि... म्हणजे कुणीही कुठंही." त्या 'कुणीही कुठंही'वर मोसेसे गालातल्या गालात हसला. सेईनीने पानांत डोकं खुपसलं.

जगभर या गेमचे एवढे वेडे असतील याची मला कल्पना नव्हती. इंटरनेटवर त्यांची भांडणं जुंपलेली. कुणी म्हणे दुसरा भाग काढूच नका, पहिल्याची माती कराल. कुणी म्हणे मुखवटे काढू नका. कुणाला तीस बेटं हवीत, कुणाला वादळ खरं वाटायला हवं. आणि सगळ्यांत मोठा जमाव होता तो त्या दोघांचं लग्न लावायला निघालेल्यांचा.

"दाजी, लोकांची डोकी फिरलीत!" केलेपी फोनवर ओरडला. "म्हणतात, ती दोघं लाजून एकमेकांकडे बघत नाहीत. त्यांचं प्रेम आहे म्हणे!"

मोसेसे फस्सकन हसला. मग त्याला आठवलं की आवाज मोठा आहे आणि बायको शेजारीच आहे. सेईनी उठून चुलीकडे गेली होती.

बनवणाऱ्यांनी जाहीर केलं की लोकांनी आपापल्या मागण्या सह्यांसकट पाठवाव्यात, ज्या मागणीला जास्त सह्या तिचा विचार होईल. केलेपीने मागणी लिहिली : दोन माणसं, दोन घरं, एक होडी. चर्चमधली पोरं, रग्बीचा संघ, गोदामातले सोबती, सगळ्यांच्या मागे लागून त्याने चारशे सह्या जमवल्या. लग्नवाल्यांकडे साठ हजार होत्या. चारशेला कोण विचारतो? मग लग्नवाल्यांतल्याच कुणीतरी त्याला कळवलं की तुमची मागणी आमच्या यादीत घेतो, तुम्ही सगळे आमच्या यादीवर सह्या करा.

केलेपीने मोसेसेला फोन लावला आणि ती यादी वाचून दाखवली. "लग्नाचा शब्दही नाही दाजी त्यात. एवढंच लिहिलंय की दुसऱ्या भागात त्या दोघांनी एकमेकांकडे तोंड करून बसावं."

"बस्स? मग कर की सही."

"काही वावगं नाही ना वाटत?"

"अरे, भावाने एकदा बहिणीचं तोंड बघितलं तर काय आभाळ कोसळणार आहे?"

मित्रांनो, मी कपाटात बसून सगळं ऐकत होतो. मी शहाणा होतो आणि ते मूर्ख, असं सांगायला मला आवडलं असतं. पण मलाही त्यात काही खटकलं नाही. आम्ही सगळे कोलोंगाचे. त्या होडीत बहीण-भाऊ सोडून दुसरं कुणी असू शकतं, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात शिरणारच नव्हतं. लग्नवाले आम्हाला नुसते खुळे वाटत होते, खुळ्यांचं कोण मनावर घेतं! केलेपीने सही केली आणि त्या चारशे जणांनाही करायला लावली.

मग बातमी आली. दुसऱ्या भागात दोन घरांतून खेळता येणार. केलेपीने गोदामात माल उचलायच्या गाडीवर चढून नाच केला आणि साहेबाच्या शिव्या खाल्ल्या. ते मोसेसेने सेईनीला सांगितलं, शिव्या वगळून.

आता राहिली आत्याची परवानगी. ती म्हातारी झाली होती आणि दुपारी सेईनीकडे येऊन पडायची. मोसेसे तिच्यापुढे मांडी घालून बसला.

"आत्या, एक विचारायचं होतं. तो तिकडे बसेल, ही इकडे बसेल. मधे अख्खा समुद्र."

"एकमेकांना दिसणार?"

"नाही. नुसता आवाज ऐकू येणार."

"हसण्याचा?"

"त्याचाही येणार, आत्या."

आत्याने हातातला पंखा खाली ठेवला. मग म्हणाली, "समुद्र मोठा आहे. हसू दे त्यांना."

सेईनी आतल्या खोलीत होती. ती बाहेर आली नाही, पण ताट खाली पडल्याचा आवाज आला.

केलेपीने नवं मशीन पाठवलं. त्याच्या कंट्रोलरला वायर नव्हती. गुळगुळीत, पांढरा, मधेच थरथरणारा, भारी शिष्ट. ठीक आहे, माझे दिवस संपले होते. सेईनीने मला कपाटातून काढून टीव्हीशेजारी ठेवलं, मला तेवढं पुरे होतं. शनिवार होता, जेवणं झाली होती. शेजारच्या घरात बायका तापा कापडासाठी साल कुटत होत्या. आत्या चटईवर, मोसेसे दाराशी, सेईनी मधोमध पाय दुमडून बसलेली.

टीव्हीतून आवाज आला. "ताई?"

"आहे."

मधे मोसेसे नाही, कुणी नाही. सतरा वर्षांनी त्याने तिला हाक मारली आणि तिने ओ दिली.

होडी निघाली. तीच होडी, तेच गाणं, पाठीला पाठ लावलेली तीच दोघं. आणि होडी जागच्या जागी गरगर फिरायला लागली.

"आता!" सेईनी ओरडली. "आता म्हटलं ना!"

"तू आधी मारतेस ताई! अजून तेच! म्हातारी झालीस तरी तेच!"

"म्हातारी कुणाला म्हणतोस रे? डुलक्या काढणं सोड आधी!"

सेईनी अशी हसली की तिला खोकला आला. तिकडे केलेपी हसत होता, त्याचा कंट्रोलर खाली आपटल्याचं मला ऐकू आलं. आत्या तोंडावर पदरासारखा तापा कापडाचा तुकडा धरून हसत होती. साल कुटणाऱ्या बायका थांबून खिडकीतून बघायला लागल्या. अर्धा तास. मित्रांनो, मी मोजला नाही, पण अर्धा तास असेल.

पहिलं बेट आलं. होडी किनाऱ्याला लागली आणि गाणं हळू झालं. होडीतला पुरुष उठला, बाई उठली. ती दोघं एकमेकांकडे वळली.

"बघ ताई, बघ! वळले!" केलेपी आनंदाने म्हणाला. "मीच सह्या गोळा केल्या होत्या याच्यासाठी."

त्या दोघांनी मुखवटे काढले. पुरुषाने बाईच्या गालाला हात लावला, तिने त्याच्या गळ्यात हात टाकले. तोंडं जवळ आली, आणि चित्र तिथं थांबलं. खाली मोठ्या अक्षरांत पाटी आली. सेईनीने ती वाचली, तिकडे केलेपीनेही वाचली असणार : 'चुंबनासाठी दोघांनी एकदम बटण दाबा.'

कुणी हललं नाही. तो प्रसंग वगळून पुढे जायची सोय नव्हती. चित्र जागच्या जागी हलत होतं, ती दोघं श्वास घेत होती आणि पाटी उघडमीट करत होती. सेईनीने कंट्रोलर चटईवर ठेवला आणि मान खाली घालून आतल्या खोलीत गेली. तिचे कान लाल झाले होते. खिडकीतल्या बायका नाहीशा झाल्या.

टीव्हीतून खाकरण्याचा आवाज आला. मग केलेपी म्हणाला, "दाजी? दाजी आहेत का तिथं?"

"बंद कर ते," आत्या मोसेसेला म्हणाली.

त्याने बंद केलं. त्यानंतर ते मशीन कधी लागलं नाही. जगभरात त्या प्रसंगाचं फार कौतुक झालं. लोक रडले म्हणे आनंदाने. बनवणाऱ्यांनी सह्या करणाऱ्या सगळ्यांची नावं गेमच्या शेवटी लावली आहेत, त्यात केलेपीचंही आहे. हे मोसेसेने मला नाही, शेजाऱ्याला सांगितलं.

केलेपी पुढच्या रविवारी फोनवर म्हणाला, "दाजी, मीच सही केली हो. चारशे जणांना मीच करायला लावली." मोसेसे म्हणाला, "मीच तुला कर म्हटलं." त्यानंतर दोघांनी पावसाबद्दल बोलून फोन ठेवला. ताईचा गुडघा कसा आहे, हे केलेपीने विचारलं नाही. वेळेवर जेवत जा, हे सेईनीने सांगितलं नाही. ती खोलीतच नव्हती. आता रविवारी फोन वाजला की ती विहिरीवर जाते.

अशा गोष्टीच्या शेवटी वस्तूने मुलांना सांगायचं असतं की आम्हाला जपा, फेकू नका. मला फेका हो, खुशाल फेका. डुकराने चावलेल्या वायरीला काय जपायचं? मी वेगळंच मागतो. तुम्हाला एखादी गोष्ट फार आवडली आणि तिचा पुढचा भाग यावा असं वाटलं, तर जरूर मागा, हट्ट करा. फक्त तिच्यात कुणाकुणाचा जीव कशाकशासाठी अडकलाय, हे एकदा विचारा. साठ हजारांनी ते आम्हाला विचारलं नाही, आणि आम्हीही त्यांना विचारलं नाही. आम्हाला वाटलं, सगळं जग कोलोंगात जन्मलंय.

काल मोसेसे आपला फोन घरी विसरून मळ्यात गेला. दुपारी तो वाजला. सेईनी हात पुसत आली. फोनवर केलेपीचं नाव होतं. तिने तो उचलून टीव्हीशेजारी, माझ्या बाजूला, पालथा ठेवला आणि थांबेपर्यंत वाजू दिला.